सही आईचीच लागते

नाही, नाही, नाही — हे चालायचं नाही. घ्या परत. मुखत्यारपत्र आणलं की सगळी दारं उघडतात, असं कुणी सांगितलं तुम्हाला? चौकातल्या त्या टायपिंगवाल्यानं? तो सांगणारच, त्याचं पोट आहे त्यावर. उद्या त्याला म्हटलंत ना, माझ्या गाईचं मुखत्यारपत्र करून दे, तर तो गाईचं वय विचारून टाइप करायला बसेल. मी काय शेरा मारलाय तो वाचा — चष्मा नाही? बरं, मी वाचते. ‘मातेने स्वतः हजर राहून सही करावी.’ मातेने. स्वतः. तुम्ही कोण? तिची सासू म्हणे. सासूनं सही केली म्हणून सून काही कचेरीत हजर झाली असं होत नाही, न्या सातुर्निना. — बसा की, उभ्या का? ती टोपली खाली ठेवा. टेबलावर नको, नोंदवह्यांना चरबीचे डाग पडतात. आणि फडकं नीट झाका वरनं. बडीशेपेचा वास सुटलाय खोलीभर, जज्जसाहेब आले तर म्हणतील नोंदणी कचेरी आहे की बसस्टॅंड. येत नाहीत म्हणा ते अकराच्या आत. आले तरी आधी अत्तर येतं, मग ते.

काय म्हणालात? — विहीणबाई? अहो, मला नका म्हणू. विहीण व्हायला आधी लग्न लागतं. ही पहिली वही जन्मांची, ही दुसरी लग्नांची, ती तिकडे तिसरी, मरणांची. दुसऱ्या वहीत तुमच्या देर्लिसचं आणि आमच्या सुनिल्दाचं नाव मला दाखवा, आत्ता उठून तुमच्या गळ्यात पडते. नाही ना? मग दोन्या ओतीलिया म्हणा, सगळं गाव म्हणतं तसं — बसस्टॅंडवरच्या बाईला न्या, कचेरीतल्या बाईला दोन्या.

एकतीस वर्षं या काचेमागे बसलेय मी. मला माणसाचा चेहरा लागत नाही, काचेखालच्या फटीतनं आत येणारा हात पुरतो. मुलाचा जन्म नोंदवायला बाप येतो — हात पुढे, छाती त्याच्याही पुढे — आणि विचारावं, बायकोची जन्मतारीख काय हो? की लागला छताकडे बघायला. जशी काही ती छतावर जन्मली. नावं तर विचारूच नका. एकानं पोरीला मालिकेतलं नाव ठेवलं — नायिकेचं नाही हो, नायिकेच्या घोडीचं! मी सांगितलं, बाबा रे, ही घोडी आहे. तर म्हणतो, पण पळते छान. लिहिलं. काय करणार? लग्नाला येतात त्यांना वाटतं जगात आजवर कुणाचं लग्नच झालं नाही. आणि मरण नोंदवायला येतात ना, ते सगळ्यात हुशार. जन्मतारीख तोंडपाठ, वय तोंडपाठ, मेला त्याचं मिनिट तोंडपाठ. जिवंत होता तेव्हा वाढदिवसाला एक केक नेला नसेल कुणी. — नाही, तुमच्याबद्दल नाही म्हणत मी. तुमच्या यजमानांचं तुम्ही सगळं केलंत, ठाऊक आहे मला. मी जगाचं बोलतेय.

तर या वह्यांच्या प्रती दर महिन्याला खालच्या गावांतनं माझ्याकडे तपासायला येतात. आणि मी तपासते. बाकीचे शिक्का मारतात, मी तपासते. मार्चच्या गठ्ठ्यात तुमच्या गावची प्रत आली. मी आपली बोट ठेवून खाली खाली जातेय — आणि हे पान. बालिकेचं नाव, आरा बेलेन. पिता, देर्लिस रामोन कान्येते, ट्रकचालक. माता, सुनिल्दा इन्स्फ्रान, पूर्वी नोंदणी कारकून. ‘पूर्वी नोंदणी कारकून’ — असं कुणी लिहितं का हो? घरकाम लिहितात सगळ्या. तिनंच लिहवून घेतलं असणार. — आजी झाल्याची बातमी मला अशी कळली, न्या सातुर्निना. तुमच्याकडे त्या दिवशी कोंबडी कापली असेल. मला गठ्ठ्यातल्या एकोणचाळिसाव्या पानावर कळली, आणि समोर काचेपलीकडे एक म्हातारा उभा होता, त्याला आपल्या म्हशीच्या चोरीची तक्रार द्यायची होती आणि तो चुकून माझ्याकडे आला होता. मी त्याला शेजारच्या खोलीत पाठवलं. मग परत वाचलं. मग दिसली चूक. ‘इन्स्फ्रान’मधल्या a या अक्षरावर तिरकी रेघ लागते, ती नव्हती. नखाएवढी रेघ, हो. पण नखाएवढ्या रेघेनं आडनाव बदलतं, आणि आडनाव बदललं की पोर दुसऱ्याच कुणाची होते. म्हणून शेरा मारला. नियम आहे. रागलोभाचा प्रश्नच नाही.

सहा महिने झाले त्याला. सहा महिन्यांत एकदा यावंसं वाटलं नाही तिला. आणि आज पाठवलं कुणाला? तुम्हाला. चिपाच्या टोपलीसकट — जसे काही चीजचे पाव बघून मी शिक्का मारणार.

आमच्या घरातली माणसं अशीच आहेत. क्रेसेन्सियोंचंच घ्या — आमचे हे. पोस्टातून निवृत्त झाले ते थेट माझ्या स्वयंपाकघरात रुजू झाले. सगळ्या बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या. मीठ. साखर. येर्बाची पत्ती. चाळीस वर्षं मी त्यांच्या चहात मीठच घालत होते जशी! दुपारभर आंब्याखाली खुर्ची टाकून गार येर्बाचं तेरेरे नळीनं ओढत बसायचं, आणि मी घरी गेले की विचारायचं, ओतीलिया, मोठी गाळणी कुठल्या खणात शोभेल? गाळणी शोभायची असते का? आणि दर गुरुवारी मासे पकडायला. गळ घेऊन, टोपी घालून, सकाळच्या बसनं. मासा? एकही नाही. दीड वर्षात एकही नाही. आणि संध्याकाळी धुवायला खिसे उलटे केले की चिपाचा भुगा. बडीशेपेसकट. नदीत चिपा पोहतात का हो? — बघा, मान खाली घातलीत. तुमचं एक बरं आहे, खोटं बोलता येत नाही. तुम्हीच खाऊ घालता ना त्यांना? पोरीला मांडीवर घेऊन बसत असतील. तोंडानं पोस्टाच्या गाडीचा भोंगा वाजवत असतील, सुनिल्दाला वाजवून दाखवायचे तसा. — मी काही बोलले नाही त्यांना. गुरुवारी सकाळी मीच चहा लवकर टाकते, बस चुकायला नको म्हणून. पण म्हणून मला कळत नाही असं समजू नका. घरातल्या घरात मला फसवतात आणि वर बरण्यांना चिठ्ठ्या लावतात.

ती कोपऱ्यातली खुर्ची दिसते? सुनिल्दाची. अठराव्या वर्षी आणून बसवली मी तिला तिथं. किती खटपट, किती जणांचे उंबरे झिजवले. अक्षर काय होतं पोरीचं! जज्जसाहेब अजून म्हणतात, दोन्या ओतीलिया, तसं अक्षर नाही पुन्हा. माझ्यानंतर ही काच तिची होती. सगळं ठरलेलं. एकच गोष्ट शिकवता आली नाही — काचेच्या अलीकडे रडायचं नसतं. पलीकडच्यांनी रडावं, त्यांचा हक्क आहे. आपण तारीख विचारायची. तुमचा देर्लिस आला वडिलांचं मरण नोंदवायला — टोपी हातात, बूट चिखलानं भरलेले. मी वरच्या मजल्यावर गेले होते सह्या घ्यायला. खाली येऊन बघते तर हा काचेपलीकडे रडतोय आणि ही काचेअलीकडे. तुमच्या यजमानांची नोंद आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी एकाच ओळीवर! त्या पानावर फुगवटा आहे अजून. दाखवते — नको, राहू दे. ट्रक चालवणारा, तोसुद्धा दुसऱ्याचा. आई बसस्टॅंडवर चिपा विकते — राग नका मानू, विकताच ना? उत्तम विकता. पण मी काय त्यासाठी तिला अक्षर शिकवलं होतं?

आणि चार महिन्यांत गेली त्याच्याबरोबर. कारण काही नाही. आईचं एक वाक्य लागलं म्हणे. घरोघरी आया बोलतात. माझ्या आईनं मला चुलीतल्या लाकडानं मारलंय, मी गेले का सोडून? हल्लीच्या पोरींना वाक्यं लागतात. सहा महिने मी वाट बघतेय की येईल, सही करेल, चार शब्द ऐकवेल, दोन ऐकेल. तेवढ्यासाठी तर — तुम्हाला वाटतं ती रेघ खरवडायला काही कष्ट पडत नाहीत? ब्लेड जरा जोरात चाललं की कागदाला भोक, आणि हलकं चाललं की शाई —

म्हणजे खरवडली असेल कुणी तरी. मी काय म्हणतेय, त्या तुमच्या गावच्या कचेरीत काय काय चालतं, कुणाला ठाऊक.

असं बघू नका माझ्याकडे.

द्या. द्या ते मुखत्यारपत्र, निदान नीट वाचून तरी बघू, एवढा कागद वाया घालवलाय त्या टायपिंगवाल्यानं. ‘मी, खाली सही करणार, सुनिल्दा इन्स्फ्रान...’ रेघ दिलीये बरोबर. ‘...माझ्या वतीने न्या सातुर्निना कान्येते यांस...’ कागदोपत्री न्या कुणी लिहितं का? अडाणी. ‘...माझ्या मुलीचा दुरुस्त दाखला घेण्याचा अधिकार देते. दाखल्याचे कारण —’

‘दाखल्याचे कारण : परदेशी प्रयाण.’

कुठं?

ब्वेनोस आयरेस. — कुणाबरोबर? — हां, देर्लिसचा भाऊ आहे ना तिथं, बांधकामावर. मग? एकटा जाऊ दे ना तो! सगळेच जातात, पैसे पाठवतात, दोन वर्षांनी दात सोन्याचा करून येतात. पोरीला कशाला न्यायचं? ती पोर अजून वर्षाचीही नाही. तिथं हाडं गोठवणारी थंडी असते. — किती दिवसांसाठी? — घर बघितलंय? म्हणजे ठरलंच. कधी? — परवा. परवाची बस. — आणि क्रेसेन्सियोंना ठाऊक आहे? — असणारच. कालच्या गुरुवारी डोळे सुजवून आले होते. मला म्हणाले, नदीवर फार ऊन होतं. फार ऊन! आणि रात्रभर बरण्या पुसत बसले. मी विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, वेड लागलंय म्हाताऱ्याला.

तर आता हे माझ्या हातात आहे, असं झालं. दाखला नाही तर पोरीचं ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही तर सीमेवर पोलीस उतरवतात. मी शिक्का मारला नाही तर परवाची बस जाईल आणि पोर इथं राहील. बरोबर ना? बरोबर. नियमानं. मला बोटसुद्धा हलवायला नको. सही आईचीच लागते, आई हजर नाही, विषय संपला. जज्जसाहेबांकडे जा, तेही हेच सांगतील.

काय?

बाहेर म्हणजे कुठं बाहेर?

तो? चौकातल्या त्या झाडाखाली उभा आहे तो निळा ट्रक? सकाळी साडेसातला मी कचेरीचं कुलूप काढलं तेव्हा तिथंच होता. मला वाटलं कलिंगडवाला. तीन तास! तीन तास पोरीला घेऊन त्या पत्र्यात बसलीये? डोकं ठिकाणावर आहे का तिचं? हा पडदा जरा — नको, नका ओढू. राहू दे तसाच. इथनं काही दिसत नाही, काचेवर ऊन आहे. एक हात दिसतो. बाहेर काढलेला. तिचा आहे का त्याचा?

मग आत यायला काय झालं तिला? वीस पावलं आहेत. पायऱ्या तीन. दार उघडं आहे, मी उघडंच ठेवते. — शपथ? कसली शपथ? — असं म्हणाली ती? ‘मेलेलं माणूस कचेरीत येत नसतं.’ असं म्हणाली.

तुम्हाला सांगितलं तर तिनं सगळं.

रागात बोलते माणूस. ती ट्रंक घेऊन या इथंच उभी होती, माझ्या टेबलासमोर, आणि मी त्या तिसऱ्या वहीवर हात ठेवला, आणि म्हटलं, त्या दारातून बाहेर पडलीस तर तुझी नोंद या वहीत करीन. बस. एवढंच. वही उघडलीसुद्धा नव्हती. — म्हणजे उघडली होती. पेन उचललं होतं. तारीख घातली होती. नाव नाही लिहिलं. नाव लिहिलं नाही मी, न्या सातुर्निना, शपथेवर सांगते. ती गेल्यावर तारखेवर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘चुकून’. एकतीस वर्षांत माझ्या वहीत एकच ‘चुकून’ आहे. तिला ते माहीत नाही. ती तोवर पायऱ्या उतरली होती.

वही बाहेर न्यायची? नोंदवही? भलतंच. नोंदवही या खोलीच्या बाहेर जात नाही. आग लागली तर मी आधी वह्या काढीन. — मी घेऊन जाऊ? मी? मी स्वतः? कचेरीच्या वेळात? काच कोण सांभाळेल? लोक येतील. बाक रिकामं असलं म्हणून काय झालं, येतात, अकरानंतर गर्दी होते. आणि हे गुडघे. आणि सगळा चौक बघेल, तो औषधवाला तर टपूनच बसलेला असतो — बघा बघा, दोन्या ओतीलिया वही काखेत मारून ट्रकच्या मागे धावतेय, सही द्या हो, सही द्या. — हसेना का तो. तो प्रश्न नाही.

आणि मी तिथं जाऊन उभी राहिले आणि तिनं काच खाली केली नाही, तर?

नाही, तुम्ही म्हणाल करेल. तुम्ही चांगल्या आहात, तुम्ही सगळ्यांबद्दल तसंच म्हणाल. पण नाही केली तर? उन्हात, वही हातात, आतनं ती माझ्याकडे बघतेय आणि काच वरच. मग मी कुठं जाऊ? परत येऊन या खुर्चीत कशी बसू?

दात आलेत तिला? — सहा? सहा पुष्कळ झाले. सुनिल्दाला उशिरा आले होते. — केस? — क्रेसेन्सियोंसारखे, म्हणजे गवत. बिचारी. — रात्री झोपते का? — पोटावर? पोटावर झोपवू नका म्हणावं. असो. तुम्ही सहा वाढवलेत, तुम्हाला काय सांगायचं. आणि तिकडे थंडीत... लोकरीचं काही आहे? — तुम्ही विणलंत. बरं. बरं झालं.

त्या दौतीचं झाकण काढा जरा. माझी बोटं सकाळी आखडतात. — काही विचारू नका, बघू पण नका हवं तर, त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा. सुनिल्दाची सही मला येते. मीच गिरवून घेतली होती ना, तिथं, त्या खुर्चीत, चारशे वेळा. ‘स’ला शेपटी लांब काढायची नाही म्हणून किती वेळा पट्टी मारली असेल, ऐकलं नाही, लांबच काढते. ही अशी. आणि इथं वळण. आणि इथं खाली एक टिंब, कशासाठी ते तिचं तिला माहीत.

झाली हजर. मातेने स्वतः हजर राहून सही केली. आता जन्मात कधी यायला नको तिला या कचेरीत.

जज्जसाहेबांना कळलं तर माझं निवृत्तिवेतन जाईल. तुम्ही बोलणार नाही, ठाऊक आहे. आणि बोललात तर बोला. हा शिक्का. हा दुसरा. वाळू द्या दोन मिनिटं, नाहीतर घडीत पुसेल. — नाही, दोन मिनिटं नकोत. न्या तसाच, उघडा धरून न्या.

रडताय कशाला? काचेच्या पलीकडे जाऊन रडा. — तिला सांगा की... काही सांगू नका. सांगा, दाखला मिळाला. कुणी दिला विचारलं तर म्हणा, खिडकी क्रमांक एक. — चिपा नको मला. अहो, नको म्हटलं ना. — बरं, ठेवा एक. तिकडे, वहीवर नको.

तो बघा, भोंगा वाजवतोय. पोरगी रडत असेल उन्हानं. उठा, किती वेळ बसलाय, मला दुसरी कामं नाहीत का?

जा.

दार ओढून घ्या जाताना.